सूनबाईने न उचललेले सात फोन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने सुतार, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. हात थरथरतो, डोके नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची कामाची पडवी, माझ्यामागे एकट्या सूनबाईचे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. कारण पुढे दिले आहे.

२. सूनबाई शाळेची व्हॅन चालवते. चार वर्षांपूर्वी एका सकाळी माझी पत्नी स्वयंपाकघरात कोसळली. मी सूनबाईला सात फोन केले. तिने एकही उचलला नाही. गाडी सुरू करण्याआधी ती फोनचा आवाज बंद करून तो खणात टाकते, हे मला ठाऊक होते. शेवटी शेजारच्या शिंप्याने आम्हाला दवाखान्यात नेले. दुपारी पत्नी गेली. लवकर आणले असते तरी फरक पडला नसता, असे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितले. तरी तीन वर्षे मी सूनबाईशी धड बोललो नाही. तिनेही कधी सफाई दिली नाही.

३. मागच्या वर्षी गुडघा दाखवायला मी तिच्याच व्हॅनमधून निघालो. आधी मुलांना शाळेत सोडायचे होते. वाटेत माझा फोन वाजला म्हणून मी खिशाकडे पाहिले. मान वर करतो तो व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी, आणि आमच्या बाजूला घुसलेली एक मोटार समोर वीतभर अंतरावर. तिच्या चालकाच्या हातात अजून फोन होता. सूनबाईने मागे वळून एकेक मूल मोजले. मग म्हणाली, "त्या दिवशीही मागे चौदा जण होते, बाबा."

एवढेच. मी मान खाली घातली. अशी खंबीर बाई माझ्या घरात होती आणि मी तिच्यावर रुसून बसलो होतो.

४. माझी जुनी मोटार मुलाला, पण अटीवर. तो गाडी चालवताना फोनवर बोलतो, एका हाताने खातो. त्याने बायकोकडून शिकावे. रस्ता निघण्याआधीच बघून ठेवायचा. खाणेपिणे, फोन, मागच्यांची भांडणे, जे काही असेल ते गाडी बाजूला थांबवून. तो सुधारला असे सूनबाई म्हणेल तेव्हाच किल्ली द्यावी. लाडीगोडी लावून ती बधत नाही; मी करून पाहिले आहे.

५. शिंप्याने नेलेला रंधा त्याच्याकडेच राहू द्यावा. त्या सकाळचे त्याचे उपकार आहेत, शिवाय मागून मागून मी दमलो. बाकी हत्यारे मुलाची.

६. मी जाईन तेव्हा सूनबाई गाडीवर असेल, तर तिला कोणी फोन करू नये. सगळी मुले घरी पोचू द्यावीत. मला घाई नसेल.

सही: सुतार, स्वहस्ते
आमच्यासमोर वाचून सही केली, साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. शाळेच्या मुख्याध्यापिका
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ मार्च