लेथची चावी आणि बिनचावीचा चक

आई, काल कारखान्यासाठी दोन नवे चक घेतले. ड्रिलला बिनचावीचा, लेथला चावीचा. ही काही मोठी बातमी नाही, पण आज घरात ती ज्याला सांगावी त्याला आधी चक म्हणजे काय ते समजावून द्यावं लागतं. जवळच्या नाचियार्कोविल गावाहून समईचे ओतीव तुकडे गोणीत भरून बसने येतात; लेथवर फिरताना ते ज्या जबड्यांत धरायचे तो चक, आणि ते जबडे आवळायची ती चावी. तुला हे सांगावं लागलं नसतं. तू लेथला कधी हात लावला नाहीस, पण कुंभकोणमात त्या चावीची तुझ्याइतकी काळजी कुणी वाहिली असेल असं मला वाटत नाही.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. तू लेथ विकशील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तू विकला नाहीस, स्वयंपाकघरातून चालवलास. पुढे एका सकाळी कुणीतरी चावी चकमध्येच विसरलं आणि इंजिनाचा पट्टा चढवला. चावी उडाली आणि आसारींच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळली. आसारी म्हणजे आपले टर्नर, वडिलांच्या वेळेपासूनचे. तू सोवळ्यात होतीस. तशीच बाहेर आलीस, तेलकट चावी उचललीस आणि मग विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केलीस. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक पितळी ताटली आली.

मला ते अजून दिसतं. तू चुलीपुढे बसली आहेस, पाठ दाराकडे. आसारी समईची दांडी चकमध्ये आवळतात, लेथ सोडून उंबऱ्यापर्यंत चालत येतात आणि तुला विटाळ होऊ नये म्हणून चावी वरूनच ताटलीत टाकतात. आवाज झाला की तू मान न वळवता म्हणतेस, "हां, चालू द्या." तुझा हां आल्याशिवाय पट्टा चढत नाही. आसारी तमिळमध्ये कुरकुरतात, "अम्मा, मी लेथवर कमी आणि तुमच्या दारात जास्त असतो." तू म्हणतेस, "आलाच आहात तर ताक घ्या." ते ताक पितात, आणि पुढच्या दांडीला पुन्हा येतात.

सुट्टीत आलो तेव्हा मी तुला सुधारायला निघालो होतो. पदार्थविज्ञान शिकत होतो ना. म्हटलं, एवढी ये-जा कशाला, मशीनशेजारी एक खिळा ठोकू, चावी तिथे टांगायची. तू भाजी चिरत होतीस. आपल्या घरच्या जुन्या मराठीत शांतपणे विचारलंस, "चावी परत आली नाहीं तर खिळा हांक मारितो काय?" मी म्हटलं, नाही. "मी मारितें. ऊठ, पानें मांड." त्या दिवशी राग आला होता. आज त्या उत्तराचा मला अभिमान वाटतो, आणि पानं मांडायला लावलंस त्याचाही. तू होतीस तोवर त्या लेथने कुणाला जखम केली नाही.

काल मद्रासचा एजंट आला. तरुण, बोलका, हातात कातडी पेटी. आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात, तसं त्याने मला म्हटलं. "रायर, आता चावीच नको. नसलेली चावी उडणार कशी?" त्याने हाताने कडं पिळून बंद होणारे दोन चक टेबलावर ठेवले, एक ड्रिलचा, एक लेथचा. मला लगेच तू आठवलीस. तुझी सगळी धास्ती कुणीतरी मुळापासून उपटून टाकली होती. ड्रिलचा चक मी तिथल्या तिथे पसंत केला. टांगत्या दिव्यांना साखळीची भोकं पाडताना ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, सारखी बदलावी लागते, आणि हा चक बिटवर जोर आला की आपणच अधिक घट्ट होतो.

लेथचा चक एजंटाने स्वतः आवळला. दांडी नीट फिरली. मग मी आसारींना म्हटलं, एकदा तुम्ही आवळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोटं सांध्यांत सुजलेली असतात आता. चावीच्या लांब दांड्यामुळे कमी जोर पुरतो, म्हणून ते कुणाला कळत नाही. त्यांनी कडं पिळलं, लेथ सुरू केला, हत्यार लावलं, आणि दांडी जबड्यांतल्या जबड्यांत फिरली. पितळेवर ओरखडा उठला.

"पेरियवर, जोर लावा," एजंट आसारींना वयाचा मान देत म्हणाला.

"होता तेवढा लावला," आसारी म्हणाले, आणि लेथ बंद करून चिंधीने हात पुसत राहिले.

एजंटाने आवाज खाली आणला. "रायर, चक चांगला आहे. माणूस बदला."

आसारींना ऐकू गेलं असणार. समईच्या दांडीचे आटे त्यांच्यासारखे कुणी पाडत नाही, पण मी आटेही मनात आणत नव्हतो. हा माणूस उद्या सकाळी कुठे जाईल, एवढंच. मग मला माझाच संशय आला. मायेपोटी मी चांगलं यंत्र नाकारतो आहे का? म्हणून मी स्वतः कडं आवळलं, लागेल तितका जोर लावून. हलक्या कापाला दांडी टिकली. ओतीव, वेडीवाकडी दांडी खोल कापायला घेतली तेव्हा धक्के बसू लागले आणि ती माझ्याही हातची सरकली. लेथला चावीचाच चक हवा हे ठरलं. पण दांडी माझ्या हातची सरकली नसती तर? तरीही मी चावीचाच घेतला असता. हे मी रात्रभर तपासून पाहिलं, उत्तर बदललं नाही.

आज सकाळी आसारींनी नवा चक बसवला. दांडी आवळली, चावी काढून बाजूला ठेवली आणि धाकट्या भावाला सांगावं तसं मला म्हणाले, "तंबी, तुमच्या हातून कालची दांडी फुकट गेली. आटे पाडायच्या भानगडीत पडू नका." त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. दुपारपर्यंत त्यांनी गोणी संपवली.

हे पत्र वहीतच राहील. आता एकच सांगायचं उरलं. माणूस बदला म्हणणाऱ्या एजंटाला मी म्हटलं होतं, "आमच्या आईचा नियम आहे, चक माणसाला सोसेल असा घ्यायचा." असा नियम तू कधी केला नव्हतास, आई. तो मी त्याच क्षणी केला, आणि तुझा म्हणून सांगितला, कारण माझा म्हणून सांगताना माझा आवाज कापला असता.