चौदा नंबरचा पाचवा फाउल

प्रिय ललित,

मी, नागनाथ गेणू सोनकांबळे, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सुरतच्या उधन्यातील कापड गिरणीत माल पाठवणी विभागाचा प्रमुख आणि गेली सत्तावीस वर्षे बास्केटबॉलचा परवानाधारक स्कोअरर, हे पत्र तुला पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. यातले प्रत्येक अक्षर तुला ठाऊक आहे. तू शेजारच्या बिऱ्हाडात वाढलास आणि मला काका म्हणतोस. तरीही हुद्दा आधी लिहिला, कारण पुढचा मजकूर मला काका म्हणून लिहायचा नाही. तुला मी अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा तू तो वाजू दिलास. रविवारी पुष्पावहिनी तुझ्यासाठी डबा घेऊन मामाकडे चलथाणला येतील, त्यांच्या हाती हे देत आहे. आईच्या हातातून घेतलेले पत्र तू न वाचता ठेवणार नाहीस, एवढा तुझा स्वभाव मला माहीत आहे.

सहा फूट तीन इंच उंचीचा, चोवीस वर्षांचा माणूस साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून उसाच्या ट्रॅक्टरच्या पावत्या फाडतो, हे मला सहन होत नाही. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी राष्ट्रीय लीगमध्ये खेळत होता, त्याने संघाने काढताच दुसऱ्या दिवशी बॅग भरून मामाकडे जावे, कोणाला एक शब्द विचारू नये, आणि लोक त्याच्याबद्दल जे बोलतात ते खरे मानून गप्प बसावे, याला माझ्याकडे एकच शब्द आहे, आणि तो मी कागदावर लिहीत नाही.

ऑक्टोबरमध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघांत आपल्या ‘तापी तुफान’ला कोणी विचारत नव्हते. पहिल्या सहापैकी चार सामने आपण हरलो. मग प्रशिक्षकांनी तुला पहिल्या पाचांत घेतले आणि पुढच्या सातपैकी पाच जिंकले. जयपूरच्या संघाविरुद्ध तू एकट्याने एकतीस गुण केलेस, त्या दिवशी भेस्तानच्या अर्ध्या मागवाल्या कामगारांनी पाळी बदलून घेतली होती. घरच्या सातही सामन्यांना मी मधल्या टेबलावर होतो. माझ्या उजवीकडे लॅपटॉपवर योगिता बसायची. पंचाने शिट्टी फुंकून टेबलासमोर यायचे, बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवायचा, मी तो मोठ्याने वाचायचा, योगिताने लॅपटॉपवर टाकायचा आणि मी कागदावर लिहायचा, पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल पेनाने, दुसऱ्या-चौथ्याला निळ्या. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर, उरलेला सामना त्याने बाकावर बसून पाहायचा. कागदाची आता गरज नाही, असे संघटनेने मला दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा सांगितले की, कागद बंद करायचा असेल तर आधी मला बंद करा.

तू आमच्या शेजारचा, ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी लीगला लेखी कळवली होती. त्यांची हरकत नव्हती. हरकत प्रेक्षकांची होती. तू फाउल केलास की माझ्या पाठीमागच्या रांगेतून आवाज यायचा, “काका, भत्रीजाना फाउल बराबर गणजो,” आणि पुतण्याचे फाउल नीट मोजायचा हा सल्ला ऐकून सगळी रांग हसायची. डिसेंबरपासून हे प्रत्येक सामन्याला चालले. मी एकदाही मागे वळून पाहिले नाही. पण घरी आल्यावर तुझी काशीकाकू विचारायची की, आज जबडा एवढा आवळून का बसला आहात.

दोन मार्चचा लुधियानाविरुद्धचा सामना जिंकला असता तर आपण चौथे येऊन उपांत्य फेरीत गेलो असतो. दोन मिनिटे दहा सेकंद उरली होती, फलकावर शहात्तर-बहात्तर, आपण पुढे. तेवढ्यात तुला पाचवा फाउल लागला. तू टॉवेल खांद्यावर टाकलास आणि टेबलाकडे न बघता बाकावर जाऊन बसलास. तुझ्या जागी आलेल्याने दोनदा चेंडू घालवला आणि एक्याऐंशी-एकोणऐंशी असे आपण हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘उतावळ्या ललितमुळे सुरतचे स्वप्न भंगले’ असे छापून आले. चौथ्या दिवशी व्यवस्थापक संदीपने तुला पत्र दिले की, निर्णायक क्षणी संयम राखता येत नसल्याने पुढच्या मोसमासाठी तुझा विचार होणार नाही. असे पत्र मिळालेल्या खेळाडूला दुसरा संघही हात लावत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मी संदीपच्या कार्यालयात गेलो होतो, हे तुला कोणी सांगितले नसेल. तेरा सामन्यांत या मुलाला एकदाही पाचवा फाउल लागलेला नाही, मग हा उतावळा कसा, असे मी त्याला विचारले. प्रशिक्षक तिथेच चहा पीत होते. ते कपातून तोंड न काढता म्हणाले, “पण काका, तमे ज तो काढ्यो ने एने.” मी त्यांना उत्तर दिले की, मी कोणाला काढत नाही, मी पंचाने दाखवलेले लिहितो, सत्तावीस वर्षांत माझ्या कागदावर कोणी बोट ठेवलेले नाही. हे वाक्य मी किती ताठ मानेने बोललो ते आठवले की आता मला स्वतःच्या आवाजाची किळस येते.

गेल्या बुधवारी पुष्पावहिनी आमच्याकडे आल्या. तू जेवत नाहीस, चलथाणहून फोन केलास तरी दोन शब्दांवर बोलत नाहीस, असे काकूला सांगत होत्या. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. काकूने विचारले, की त्या दिवशी मैदानात त्याला एवढा राग कशाचा आला होता. वहिनी म्हणाल्या, “राग कसाना वं माय? तो म्हने, चारच व्हतात. पन काकानी लिखं तेच खरं.” मी पेपर खाली ठेवला. बाहेर येऊन वहिनींना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्या घाबरल्या, माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ, पोऱ्या शे, बोली ग्या व्हई.”

दुसऱ्या दिवशी गिरणीतून अर्धी रजा टाकून मी योगिताला भेटलो आणि सामन्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. तुझ्या, म्हणजे चौदा नंबरच्या, ओळीतला कोणता फाउल तिला खटकतो, असे विचारले. तिने क्षणाचाही वेळ न घेता तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाल पेनाने लिहिलेल्या तुझ्या तिसऱ्या फाउलवर बोट ठेवले. मग रडायला लागली. म्हणाली, “काका, मला पंचाची चारच बोटं दिसली होती. पण तुम्ही चौदा म्हणालात.” मी तिच्यावर ओरडलो, की मग तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, “तुम्हाला कसं सांगणार, काका?”

तो क्षण आता मला रोज दिसतो. आपल्या बास्केटखाली गर्दी होती, लुधियानाच्या खेळाडूला तू आणि आपल्याच संघाचा अक्षय दोन बाजूंनी भिडला होतात. अक्षयचा नंबर चार, तुझा चौदा. चौदा दाखवायला पंच एका हाताची मूठ मिटतो, ती दहाची, आणि दुसऱ्या हाताची चार बोटे उघडतो. मी चार बोटे पाहिली. मूठ मी पाहिली नाही, ती मी माझ्या मनाने मिटली. कारण पाठीमागची रांग तेव्हाही ओरडत होती, आणि संशयाची जागा असेल तिथे शेजारचा पोरगा आपल्या हातून सुटला असे कोणाला म्हणता येऊ नये, हे माझ्या डोक्यात पंचाच्या हातापेक्षा मोठे होते. गिरणीत कापडाचा एक मीटर कमी-जास्त झाला तर मी तीनदा मोजतो. तिथे मी पंचाला पुन्हा विचारले नाही. तुझा हा तिसरा फाउल, हे दाखवणारी तीन आकड्याची पाटी मी उंच धरली. तू फ्री थ्रोच्या रेषेकडे चालला होतास, थांबलास, वळलास आणि माझ्याकडे पाहिलेस. मला तो उद्धटपणा वाटला. मी पाटी आणखी उंच केली. आणि तू मान खाली घातलीस.

तुझ्यावरचा माझा खरा राग त्या मान खाली घालण्यावर आहे. खेळाडूला स्वतःचे फाउल पाठ असतात. तुला माहीत होते, शरीराला माहीत होते. कर्णधाराला एक शब्द सांगितला असतास, तर तो पंचाकडे गेला असता, पंचाने मला विचारले असते आणि नोंद तिथल्या तिथे सुधारली असती. पण तू बारा वर्षांचा असताना उधन्याच्या मैदानात मीच तुला शिकवले होते की, टेबलाशी वाद घालायचा नाही, टेबल लिहिते ते अंतिम. ते मी नव्या मुलांना शिस्त लागावी म्हणून सांगतो. चोवीस वर्षांच्या माणसाने ते आंधळेपणाने पाळावे असे मी कधी म्हटले होते? म्हटले नव्हते, आणि याच्या उलटही कधी म्हटले नाही. अक्षय गप्प बसला, कारण त्याचा फायदा होता. योगिता गप्प बसली, कारण मी वडीलधारा. तू गप्प बसलास, कारण तुला वाटले काका चुकत नाहीत. तुम्हा तिघांच्या गप्प बसण्यावर मी ताठ बसून होतो.

आता या पत्राचे कारण. सोमवारी मी लीगच्या तांत्रिक समितीला लेखी कळवले आहे की, दोन मार्चच्या सामन्यात चौदा नंबरची तिसरी फाउल नोंद माझी चूक आहे, आणि माझा परवाना मी परत करत आहे. सामन्याचा निकाल बदलणार नाही, हरकतीची मुदत केव्हाच संपली. पण नोंद सुधारली तर संदीपला ते पत्र मागे घ्यावे लागेल आणि एप्रिलच्या निवडीत तुझे नाव राहील. समितीने शनिवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी अकरा वाजता स्टेडियमच्या कार्यालयात बोलावले आहे. त्यांच्या सचिवाने मला फोनवर काय विचारले ते ऐक: व्हिडिओत पंच पाठमोरा आहे, पंचाला काही आठवत नाही, योगिता तुमच्या हाताखालची, मग तुम्ही आपल्या शेजारच्या मुलाला वाचवायला हे बोलत नाही कशावरून? ज्या आरोपाच्या भीतीने मी तुझ्यावर अन्याय केला, तोच आता त्या अन्यायाच्या कबुलीवर येऊन बसला आहे, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. उत्तर फक्त तुझ्याकडे आहे, कारण ती पाटी पाहून थांबलेला एकटा तूच होतास. ये. वजनकाट्यावर कोणाला तरी बसव आणि ये. मला वाचवण्यासाठी एक शब्दही बोलू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. समितीसमोर उभा राहा, माझ्याकडे सरळ बघ आणि माझे नाव घेऊन सांग की, हे चुकले.

तुझाच,
नागनाथ गेणू सोनकांबळे
भेस्तान, सुरत
२० मार्च २०२५