फक्त मधमाश्यांबद्दल

झग्वान, मंगळवार

अब्दुलकवीभाई,

हे पत्र टाकायला आता पत्ता उरलेला नाही, तरी लिहितोय.

मधमाश्या पाळणाऱ्यांच्या आपल्या इंटरनेटवरच्या गटात कुणी गेलं की येमेनमधून पहिलं सांत्वन तुमचं यायचं. आधी सलाम, मग मयताच्या पोराबाळांची नावानिशी चौकशी. पाठोपाठ जगभरातून दोनशे जण लिहायचे. हॉलंडचा योस्ट वैतागला. "मला माश्यांच्या रोगावर औषध हवंय, इथे रोज मयत." गट मी चालवतो, म्हणून नियम केला की विषय सोडून लिहिलेलं पुसून टाकणार. तुम्ही विचारलंत, "तिजानी, शेजारी मेला तर त्याच्या दारात जाऊन मधाचा भाव विचारशील का रे?"

मी तेही पुसलं. त्यानंतर तुम्ही कधीच लिहिलं नाहीत.

काल तुमच्या खात्यावरून तुमच्या लेकीनं, नजवानं लिहिलं, "बाबा शुक्रवारी गेले. बोरींचा बहर संपत आलाय. त्यांच्या पेट्या कुठे हलवू?"

चौदा उत्तरं आली. पेट्यांची तोंडं जाळीनं बंद कर, उतारावर ठेवू नकोस, पाणी जवळ असू दे. योस्टनं तर नकाशा काढून पाठवला. तुमच्याबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. सगळे नियमानं वागले.

मी सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या. पण नियम माझाच, तो मोडू कुठल्या तोंडानं? ओळी पुसल्या आणि पंधरावं उत्तर दिलं, पेट्यांवर सावली धर.

तुमच्या दारात मधाचा भाव विचारणारा,
तिजानी