दुपट्ट्याखाली ठरलेली सायकल

तीर्थरूप सूर्यभानमामा,

जुन्या विलायती सायकलची रास्त किंमत किती? बी. ए. झालेल्या मुलीला हे सांगता यायला हवं. मला सांगता येत नाही, हे आधीच कबूल करते. आता नमस्कार. तुमचा गुडघा आणि मोर्शीच्या बागेतल्या संत्र्यांचा आंबिया बहार, दोन्ही सुखरूप असोत. मामीचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मी भीत असते आणि बाबा गप्प असतात.

पोळ्याआधी बैलजोडी विकली तेव्हापासून बाबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतात. (आईच्या फोटोकडेही बघत नाहीत.) दोन वर्षांत आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरी काय काय झालं ते तुम्ही पेपरात वाचताच, मी लिहीत नाही. पण अंगणात कोणी धावत आलं की मी आधी बाबा ओसरीवर आहेत का ते बघते. अशात मला शेजारच्या गावी शाळेत नोकरी लागली. (शाळा विनाअनुदानित आहे. पगार यायचा आहे, मुलं आली आहेत.) संध्याकाळची एसटी बंद झालेली, म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, इथंच खोली घ्या. पण बाबांना रात्री घरात एकटं ठेवायचं माझ्यानं होणार नाही. म्हणून सायकल, आणि म्हणून तुम्ही साडीसाठी दिलेले पैसे घेऊन मी अकोल्याला गेले.

तिथं रऊफचाचा जुन्या सायकली विकतात. आधी ते बैलबाजारात दलाल होते. बाजारात नुसते विकणारेच उरले, तेव्हा ते या धंद्यात आले. सवयी मात्र बैलांच्याच राहिल्या. त्यांनी सीटवर थाप मारली, पायडलच्या चक्राचे दाते बघून वय सांगितलं आणि लंगडत नाही हे दाखवायला तिला रस्त्यावरून चालवत नेऊन आणलं. काळी, उंच, कातडी सीटची, दांडीवाली इंग्लंडची सायकल. मी भाव विचारला तर मी शिवी दिल्यासारखे ते बघत राहिले.

"बेटा, भाव तोंडानं बोललो का माल नाराज होते."

बैलबाजाराची रीत तुम्हाला माहीत आहे. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव करायचा, बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. पण परक्या मुलीचा हात धरणार कसा? ते लाजले, मीही लाजले. शेवटी त्यांनी आतून नसीमबानोचाचींना हाक मारली. चाचींनी पिठाचे हात पुसले आणि माझाच दुपट्टा आमच्या हातांवर ओढला.

"घाबरू नोको व पोरी, बोटं परत देईन तुले."

मामा, एक बोट म्हणजे शंभर की हजार, हेच मला माहीत नव्हतं, आणि विचारावं तर पदवीची लाज जाते. चाचींनी माझा अख्खा पंजा दाबला, मग आणखी तीन बोटं. आठ हजार! मी घाबरून हात ओढला, पण सगळा सुटला नाही. माझ्या मुठीत त्यांची तीन बोटं राहिली. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, नख लागलं. माफी म्हणून मी त्यांचा पूर्ण पंजा घट्ट धरला. त्या हसल्या, चाचा हसले, सायकलीच्या हँडलला गूळ लागला. सौदा झाला होता आणि आकडा फक्त मलाच ठाऊक नव्हता. मी शंभराच्या नोटा एकेक करून ठेवत गेले. पाचव्या नोटेला चाचांनी हात आडवा केला. (नसता केला तर मी ठेवतच राहिले असते.)

सायकल एसटीच्या टपावरून गावात आली तेव्हापासून अर्धं गाव म्हणतं, पोरगी फसली. उरलेलं म्हणतं, पोरीनं म्हाताऱ्याला लुटलं. मला दोन्ही खरं वाटतं. त्यांनी मला फसवलं असेल तर तुमचे पैसे वाया गेले. मी त्यांना फसवलं असेल तर माझं शिक्षण. परवा अकोल्याला जाऊन चाचांना सरळ विचारलं. हात सोडल्यावर भाव पुसणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं दूध मोजणं, असं म्हणून ते रुसले. चहा मात्र दिला.

मामीला नमस्कार.

तुमची भाची
आरती

ता. क. – खरी विनंती राहिलीच. बाबांनी विचारलं, तर तुम्ही मला सायकल कधी शिकवलीच नाही, असं सांगा. संत्र्याच्या बागेत मी दोन उन्हाळे पडत होते, ते आपल्या दोघांत राहू द्या.

आणखी ता. क. – सायकल ओसरीला टेकवली तेव्हा बाबा भिंतीकडून वळले. बराच वेळ साखळी हातानं फिरवत राहिले. मग आपणहून बोलले, "तुले चालवता येते काय?" मी नाही म्हणाले. सोमवारपासून ते मला मागे बसवून शाळेत नेतात आणि सुट्टी होईपर्यंत व्हरांड्यात बसतात, मुलांकडे तोंड करून.