वन्संना, त्यांच्या भावाच्या टर्बोबद्दल

आदरणीय वन्सं,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला विशेष नमस्कार. तो आता जिना चढू देतो का? भाऊजी फिरायला जातात, की अजून बूट घालून गॅलरीतच बसतात? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माणसं. गाडीचं सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं.

तुमच्या बंधूंनी आपल्या जुन्या गाडीला टर्बो बसवला. कुठल्याशा मोडीतल्या गाडीचा काढून आणलेला, दिसायला गोगलगाय आणि उचलायला इस्त्री. टर्बो म्हणजे काय, हे मला जेवताना, झोपताना आणि एकदा दातांच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना (म्हणजे उलट बोलायची सोय नसताना) समजावून झालं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त हवं, आणि ते किती सोडायचं हे गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मूळच्या कॉम्प्युटरला हा पाहुणा झेपेना, म्हणून ह्यांनी घरीच दुसरा जुळवला आणि जेवणाच्या डब्यात बसवला, कारण नेमका त्या मापाचा डबा घरात होता. (माझा होता.)

आता ह्या डब्याला लॅपटॉप जोडायचा. त्यावर चौकटींचा एक भलामोठा तक्ता उघडतो. इंजिन इतकं फिरतंय, दाब इतका आहे, तर पेट्रोल किती, हे प्रत्येक चौकटीत भरायचं. हे चालवणार, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे वाचणार (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, ते; बारा-तेरा ठीक, फार वर गेलं की धोका) आणि आई मागे बसणार. आईंचं काही काम नव्हतं, पण त्यांना घरी ठेवून गाडी बाहेर काढायची कुणाची हिंमत आहे?

पहिल्या दिवशी ह्यांनी पेट्रोल सढळ हाताने सोडलं. गाडीने गल्लीत असा काळा धूर ओकला की दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी ओळखू येईनात. बाई खाली आल्या. काजळी धरते म्हणजे इंजिन सुरक्षित आहे, असं हे त्यांना मोठ्या उत्साहाने समजावत राहिले. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक चादर पुरावा म्हणून न धुता ठेवून दिली.

त्या धसक्याने ह्यांनी पेट्रोल आवळलं, आणि तेही कंजुषासारखं. पुलाच्या चढावर ह्यांनी पाय दाबला आणि मला इंजिनातून पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळावेत तसा आवाज आला. मी सांगितलं. हे म्हणाले, नंबरप्लेट सैल आहे. मी म्हटलं, पेट्रोल कमी पडतंय, आकडा सतरावर गेलाय, पाय काढा. ह्यांनी पाय काढला नाही. पुढच्याच क्षणी धाडकन आवाज झाला, आणि पुलाच्या अगदी माथ्यावर, मागे हॉर्नचा कल्लोळ चालू असताना, गाडी निपचित पडली. मग मागून आई हळूच म्हणाल्या, "ती सांगत होती ना रे? मग कान कशाला ठेवलेत?"

पाण्याच्या टँकरने आम्हाला ओढत घरी आणलं. (वकीलबाई गॅलरीतच होत्या.) स्पार्क प्लगची टोकं वितळली होती, इंजिन मात्र थोडक्यात बचावलं. तेव्हापासून हे हादरलेत. टर्बोचा दाब इतका उतरवलाय की तो आता नुसती शीळ घालतो आणि सायकलवाले पुढे निघून जातात. हळू चालवण्यातच खरी मजा आहे, असं हे मलाच ऐकवतात. तेव्हा वन्सं, तुम्ही मोठ्या आहात. ह्या वयात हे खूळ शोभतं का, असं त्यांना चांगलं खडसावून विचारा. माझं कोण ऐकतंय?

तुमची,
गांजलेली भावजय

ता. क. खडसावायचं काम फोनवर नको. काहीतरी दुरुस्ती काढून त्यांना आठ दिवस तिकडेच ठेवून घ्या. चढावर पेट्रोल कमी पडलं ते नुसतं ह्यांच्या आवळण्याने नव्हे; इंजिनात पेट्रोल फवारणारे जुने इंजेक्टर एवढ्या दाबाला पुरतच नव्हते. मोठे मी मागवलेत, कपाटात साड्यांखाली आहेत. त्या चढाच्या चौकटीही मी भरून ठेवल्यात. हे परत यायच्या आत दाब पूर्ववत करून मला तो पूल एकदा नीट चढायचा आहे.

ता. क. २. हे पत्र टाकण्याआधी आईंना वाचून दाखवलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "इंजेक्टर मोठे घालतेस, मग टाकीतला पेट्रोलचा पंप जुनाच ठेवून कसं भागेल?" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हा आठाचे दहा दिवस करा.