सलील पोतनीस विरुद्ध आयर्लंड

७ सप्टेंबर, रविवार. ड्रोहेडा.
ठरलं. गेल्या दसऱ्याला शस्त्रपूजनात लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि विभावरीचा स्टेथोस्कोप मांडला होता. पोतनिसांच्या घराण्यात! आमचे पणजोबा संस्थानात शिलेदार होते, असं आत्या सांगते. यंदा खरं शस्त्र. आज कारबूट सेलमध्ये, गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, छऱ्याची एअर रायफल मिळाली. विकणाऱ्या आजोबांनी कागदपत्रं मागितली नाहीत. पिशवी हवी का, एवढंच विचारलं.

८ सप्टेंबर
इथे एअर रायफललाही परवाना लागतो! हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. आयर्लंडची राज्यघटना डाउनलोड केली. कलम ४४. सुरुवातीचे शब्द पूर्ण माझ्या बाजूने. पुढे सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे आहे, ते बॅरिस्टर बघेल.
प्लॅन: उघड कायदेभंग, अटक, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. निकालाला नाव माझं.

९ सप्टेंबर
विभावरीला सांगितलं. ती हॉस्पिटलमधून बारा तासांची ड्यूटी करून आली होती. टायमिंग चुकलं. म्हणाली, नागरिकत्वाचे आपले अर्ज चौदा महिने अडकलेत, त्यात वर्तन बघतात. तुला अटक झाली की मी आणि सानिका एअरपोर्टवर एका रांगेत आणि तू दुसऱ्या. डोळ्यांत पाणी होतं. थकवा असणार.

१५ सप्टेंबर
सॉलिसिटरला भेटलो. वीस मिनिटं ऐकून घेतलं. म्हणाला, कोर्टात जायला आधी काहीतरी गुन्हा तरी घडायला हवा. म्हणजे तत्त्वतः सहमत.

१८ सप्टेंबर
गार्डा स्टेशनला, म्हणजे इथल्या पोलिसांना, रजिस्टर्ड पत्र. २ ऑक्टोबरला सायंकाळी साडेचार वाजता राहत्या घरी मी बिनपरवाना बंदुकीचं पूजन करून कायदा मोडणार आहे, तरी अटकेसाठी यावे ही विनंती. शक्यतो साडेपाचच्या आत, नंतर मुलीचं स्विमिंग असतं.
३ तारखेची रजा टाकली, कोठडीसाठी. मॅनेजरने लगेच मंजूर केली. कारणही विचारलं नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. आत्ता लक्षात आलं, दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी! बंदुकीसाठी सत्याग्रह करायला याहून चांगला मुहूर्त कुठला? इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर आवाहन केलं. सतरा अंगठे आले. अभिजितने जेवण आहे का विचारलं.

२ ऑक्टोबर, दुपारी ४
झेंडू नाही मिळाला, पिवळी शेवंती आणली. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. बॅगेत टूथब्रश, बीपीच्या गोळ्या. विभावरी दोन दिवस बोलत नाही. सानिका म्हणाली, डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग. तिला पुढे कळेल.

संध्याकाळी ७
एकच गार्डा आली. बाई. शूज दाराबाहेर काढले, श्रीखंड दोनदा घेतलं. मी बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे केले. तिने त्यांत रिकामी वाटी दिली. बंदूक तपासणीला न्यावी लागेल म्हणाली, हळदकुंकू पुसलं तर चालेल ना असंही विचारलं. पावती दिली. अटकेचं काय, म्हटलं. तर म्हणाली, यू आर ग्रँड. म्हणजे इथल्या भाषेत, काही काळजी नको. दहशत बसवायची यांची ही पद्धत असावी.

३ ऑक्टोबर
रजा. बटाटे सोलले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
काल गार्डांचं पत्र आलं. बंदुकीची स्प्रिंग गंजलेली आहे. छर्रा नळीतून बाहेर पडतो आणि तिथेच खाली पडतो. कायद्याच्या व्याख्येत ती बंदूकच नाही. सबब गुन्हा नाही. शेवटी एक ओळ: श्री. पोतनीस यांच्यापासून कोणालाही, कसलाही धोका संभवत नाही.
ही बदनामी आहे. सॉलिसिटरला दाखवायला आज पत्र शोधलं, तर सापडेना. विभावरीने सकाळीच ते माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाला जोडून पाठवून दिलं. महिनाभराने पहिल्यांदा हसली. म्हणाली, लग्नाला बारा वर्षं झाली, तुझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.