गाऱ्हाण्याला माणसं लागतात

देजॉन, कोरिया

तीर्थरूप बाबा,
तुमच्या मनस्वीचा इथूनच वाकून नमस्कार.

आईला सांगा, मी काम करते तिथे अणुभट्टी नाही. विजेवर तापणारी एक नळी आहे, तिच्यातून आम्ही पाणी फिरवतो. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक पूड मिसळली की ते जास्त उष्णता उचलतं. पुढे कधीतरी अणुभट्टी थंड ठेवायला ते उपयोगी पडेल. पण तांदळाच्या धुवणातल्या पिठासारखी ती पूड तळाशी बसते. दोनदा बसली. जेवण वेळेवर होतं हो माझं.

आज पुन्हा पंप सुरू करायचा होता. नारळ कुठला मिळायला, संत्रं ठेवलं. तुम्ही होडी लोटताना घालता तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही पूड तळाक बसू देऊ नको रे म्हाराजा!" आणि सवयीने थांबले. "व्हय म्हाराजा" म्हणायला खोलीत कुणीच नव्हतं. मग मीच म्हटलं, हळूच.

तुमचा गुडघा कसा आहे? होडीला रंग लावलात?

फोनवर हे सांगवलं नसतं. पत्र पोचेपर्यंत पूड बसायची ती बसलेली असेल. तरी वाचून झालं की आईला घेऊन पडवीत या आणि एकदा मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणा.

तुमचीच,
मनस्वी